संशोधन संस्था राज्यात आणली, पुढे ती गेली. मग उरलं काय? ऑस्टिनचं प्रकरण

प्रकरण थोडक्यात

अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने 1983 मध्ये आणि पुन्हा 1988 मध्ये इतर राज्यांना मागे टाकून, कंपन्यांनी एकत्र येऊन काढलेले दोन बडे संशोधन संघ, एमसीसी आणि सेमाटेक, आपल्या राजधानीत, ऑस्टिनला आणले. त्यातला एक पुढे बंद पडला. दुसरा न्यूयॉर्क राज्याने जास्त पैसे मोजून उचलून नेला. ज्यांच्यासाठी एवढा आटापिटा केला, त्यातला एकही आज तिथे नाही. तरीही संशोधनातली गुंतवणूक राज्यात कशी आणावी हा विषय निघाला की ऑस्टिनचं नाव हमखास येतं. हे कसं, ते पाहण्यासाठी हा अभ्यास.

तपशील सगळा सार्वजनिक नोंदीतला आहे. पदामुळे जी नावं टाळताच येत नाहीत तेवढीच ठेवली आहेत. पडद्यामागे राबलेले वकील, सहाय्यक, देणगीदार यांचा उल्लेख त्यांच्या भूमिकेनेच केला आहे.

पार्श्वभूमी

ऑक्टोबर 1981 मध्ये जपानने ‘पाचव्या पिढीचे संगणक’ बनवण्याचा सरकारी कार्यक्रम जाहीर केला. मेमरी चिपच्या बाजारात जपानी कंपन्या आधीच मुसंडी मारत होत्या, त्यामुळे अमेरिकी कंपन्यांच्या पोटात गोळा आला. कंट्रोल डेटा या संगणक कंपनीचे प्रमुख विल्यम नॉरिस यांनी पुढाकार घेतला आणि 1982 मध्ये एरवी एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी मिळून एक संशोधन संस्था काढली: मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स अँड कम्प्युटर टेक्नॉलॉजी कॉर्पोरेशन, ऊर्फ एमसीसी. पैसा सदस्य कंपन्यांनी घालायचा, संशोधन एकत्र करायचं आणि त्याचा लाभ सदस्यांनीच घ्यायचा, अशी ती योजना. प्रमुखपदी आले निवृत्त ॲडमिरल बॉबी इनमन.

संस्था कुठे थाटायची, हे एखाद्या संचालकाच्या सोयीने ठरलं असतं तर हे प्रकरण घडलंच नसतं. पण इनमन यांनी जागेची निवड ही खुली स्पर्धा करून टाकली. 27 राज्यांतली 57 शहरं रिंगणात उतरली. चाळणी लागत लागत चार उरली: सॅन डिएगो, अटलांटा, उत्तर कॅरोलायनातला रॅली-डरहॅम परिसर आणि ऑस्टिन.

ऑस्टिन तेव्हा 3.45 लाख वस्तीचं शहर. विधानभवन, सरकारी कचेऱ्या आणि टेक्सास विद्यापीठ, एवढीच त्याची ओळख. आयबीएम 1967 मध्ये, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स 1969 मध्ये, मोटोरोला 1974 मध्ये आली होती. पण हे सगळे शाखा-कारखाने. काय बनवायचं हे दुसऱ्या शहरातल्या मुख्यालयात ठरायचं, ऑस्टिनने ते बनवून द्यायचं. राज्याची तिजोरी तेलावर चालायची आणि 1983 मध्ये तेलाला अजून बरा भाव होता.

अडचण नेमकी कुठे होती

पहिली अडचण विद्यापीठाची. एमसीसीच्या कसोट्यांमध्ये राहणीमान, प्रवासाची सोय, राज्य सरकारचा पाठिंबा हे सगळं होतं. पण खरं वजन होतं विद्युत अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्र या विभागांच्या ताकदीला. टेक्सास विद्यापीठ चांगलं होतं, पण स्टॅनफर्ड किंवा एमआयटीच्या पंक्तीला बसणारं नव्हतं.

दुसरी अडचण प्रवासाची. ऑस्टिनहून थेट विमानं मोजकी, आणि सदस्य कंपन्यांचे अधिकारी देशभर विखुरलेले.

तिसरी अडचण बाहेरच्या वाचकाला सहसा दिसत नाही, पण माझ्या मते सगळं प्रकरण तिच्याभोवती फिरतं. टेक्सासच्या राज्यघटनेनुसार सरकारी पैसा खासगी संस्थेला असाच देऊन टाकता येत नव्हता. आर्थिक विकासासाठी तशी मुभा देणारी दुरुस्ती मतदारांनी मंजूर केली ती नोव्हेंबर 1987 मध्ये. म्हणजे 1983 च्या स्पर्धेत गव्हर्नर मार्क व्हाइट यांच्या हाती रोख अनुदानाचं हत्यारच नव्हतं.

समोर कोणते पर्याय होते

कर-सवलत हा कुठल्याही राज्याच्या हाताशी असलेला पहिला पर्याय. पण टेक्सासमध्ये व्यक्तिगत प्राप्तिकर मुळातच नाही. शिवाय एमसीसी ही नफा कमावणारी कंपनी नव्हती, त्यामुळे करमाफीचं तिला फारसं अप्रूप नव्हतं. संशोधन संस्थेला काय हवं असतं आणि कारखान्याला काय हवं असतं यातला फरक उद्योगखात्यांच्या ध्यानात बरेचदा येत नाही. कारखाना वीज, पाणी, जमीन आणि कर विचारतो. संशोधन संस्था विचारते की उद्या माझे चार चांगले लोक सोडून गेले, तर या गावात पाचवा मिळेल का?

दुसरा पर्याय जमीन आणि इमारत. हे सगळेच देत होते.

तिसरा पर्याय वैयक्तिक सोयींचा. येणाऱ्या कर्मचाऱ्यांना कमी व्याजाची गृहकर्जं, जोडीदाराला नोकरी शोधायला मदत, अधिकाऱ्यांसाठी खासगी जेट विमान. वर्तमानपत्रांत मथळे होतात ते अशाच गोष्टींचे. एमसीसीच्या गोष्टीत आजही लोकांना आठवतं ते विमानच.

चौथा पर्याय सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत संथ: विद्यापीठच मोठं करायचं. नवे प्राध्यापक, नवी अध्यासनं (बाजूला ठेवलेल्या रकमेच्या परताव्यावर चालणारी प्राध्यापकपदं), संशोधक विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या. याचं फळ दिसायला दहा वर्षं लागतात आणि तोवर गव्हर्नर बदललेला असतो.

काय केलं

टेक्सासने तिसरा आणि चौथा पर्याय एकत्र बांधले, आणि पैसा तीन वेगवेगळ्या खिशांतून काढला.

वैयक्तिक सोयींचा भार मुख्यतः खासगी वर्गणीवर टाकला. डॅलस, ह्यूस्टन, ऑस्टिन इथल्या उद्योगपतींनी आणि बँकांनी पैसे उभे केले. शहराशहरांत एरवी चुरस असली तरी या वेळी बाकीची शहरं ऑस्टिनच्या पाठीशी उभी राहिली. गव्हर्नरांच्या कार्यालयातला एक वकील-सहाय्यक या सगळ्यांना एका टेबलाशी आणत होता. अशा प्रकरणांत हे काम कुठल्याच शासन निर्णयात दिसत नाही, पण तो माणूस नसता तर प्रस्ताव वेळेत तयार झाला नसता.

जमीन दिली विद्यापीठाने. शहराच्या उत्तरेला असलेल्या त्याच्या बॅलकोनेस संशोधन केंद्राच्या आवारात एमसीसीसाठी इमारत बांधायची आणि ती नाममात्र भाड्याने द्यायची. मालकी विद्यापीठाचीच.

आणि तिसरा खिसा म्हणजे विद्यापीठाचा कायम निधी. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय हे प्रकरण समजत नाही. एकोणिसाव्या शतकात राज्याने पश्चिम टेक्सासमधली रखरखीत, गुरं चारण्यापलीकडे उपयोग नसलेली लाखो एकर जमीन विद्यापीठाच्या नावावर केली होती. 28 मे 1923 रोजी तिथल्या सांता रीटा नावाच्या विहिरीला तेल लागलं. तेव्हापासून त्या जमिनीचं उत्पन्न एका निधीत साठतं. मूळ रक्कम तशीच ठेवायची आणि परतावा टेक्सास विद्यापीठ व टेक्सास ए अँड एम हे राज्याचं दुसरं विद्यापीठ यांनी दोनास एक या प्रमाणात घ्यायचा, अशी ही व्यवस्था. विधिमंडळाच्या वार्षिक अर्थसंकल्पाशी तिचा थेट संबंध नाही.

या जोरावर विद्यापीठाने मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकशास्त्रात 30 नवी प्राध्यापकपदं काढण्याचा शब्द दिला. मे 1983 मध्ये निकाल लागला: ऑस्टिन.

इनमन स्वतः टेक्सासचे आणि याच विद्यापीठाचे पदवीधर, हा योगायोग नोंदवून ठेवायला हवा. पण निवड एकट्या प्रमुखाच्या हातात नव्हती, सदस्य कंपन्यांनाही ती पटावी लागणार होती.

पहिला निर्णायक क्षण: जिंकल्यानंतरचं वर्ष

बरीच राज्यं निकालाच्या दिवशी थांबतात. फोटो निघतात, आकडे जाहीर होतात आणि अधिकारी पुढच्या करारामागे लागतात. टेक्सासमध्ये खरा निर्णय झाला तो 1984 मध्ये. डॅलसच्या एका देणगीदाराने 80 लाख डॉलर देऊ केले, अट एवढीच की तितकेच पैसे इतर खासगी देणग्यांतून यावेत. ते आले. मग या 1.6 कोटींच्या बरोबरीने विद्यापीठाने तेवढेच पैसे घातले. एकूण 3.2 कोटी डॉलरमधून विज्ञान आणि अभियांत्रिकीत प्रत्येकी 10 लाख डॉलरची 32 अध्यासनं उभी राहिली.

याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. पगाराची तरतूद दरवर्षी विधिमंडळाकडे मागायची, तर ती दरवर्षी कापलीही जाऊ शकते. अध्यासनाची मूळ रक्कम एकदा बाजूला पडली की तिला सहसा कुणी हात लावत नाही. त्याच वर्षी एड्सखर डाइक्स्ट्रा हे संगणकशास्त्रातलं जगन्मान्य नाव नेदरलँड्समधून टेक्सास विद्यापीठात आलं, तेही अशाच देणगीच्या अध्यासनावर. संगणकशास्त्र शिकलेल्या मराठी वाचकाने दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग काढायचं त्यांचं तंत्र वर्गात गिरवलेलं असतं. असा माणूस गावात येणं ही दहा पत्रकार परिषदांपेक्षा मोठी जाहिरात होती.

मग तेल कोसळलं

1986 मध्ये कच्च्या तेलाचा भाव काही महिन्यांत निम्म्याहून खाली आला. राज्याचं उत्पन्न आटलं, उच्चशिक्षणाच्या तरतुदीला कात्री लागली. एमसीसीच्या बातमीने ऑस्टिनमध्ये जमिनींचे भाव भडकले होते, कार्यालयांच्या इमारतींचं पीक आलं होतं. त्या इमारती रिकाम्या राहिल्या आणि कर्ज देणाऱ्या वित्तसंस्था बुडू लागल्या. वर्षअखेरीस इनमन यांनीही एमसीसी सोडली.

संस्थेच्या पोटातही दुखणं होतं. सदस्य कंपन्या संशोधनासाठी आपले पहिल्या फळीचे लोक सोडायला नाखूश होत्या, त्यामुळे इनमन यांना बाहेरून थेट भरती करावी लागली. त्यातून दर्जा मिळाला, पण दुवा तुटला. ऑस्टिनमध्ये लागलेला शोध दूरच्या शहरातल्या कंपनीच्या उत्पादनात उतरवायचा, तर तिथे तो समजून घेणारा आपला माणूसच नसायचा. आणि ऑस्टिनमधल्या छोट्या कंपन्यांना तर दारच बंद, कारण सदस्यत्वाची वर्गणी त्यांना परवडणारी नव्हती. राज्याने एवढं दिलं, पण स्थानिक उद्योगाला आत शिरायची वाट करारात मागितली नाही. ही पहिल्या फेरीतली सर्वांत मोठी चूक, असं मला वाटतं.

दुसरी फेरी

1987 मध्ये 14 अमेरिकी चिप कंपन्यांनी सेमाटेक हा संघ काढला. या वेळी केंद्र सरकारही भागीदार, वर्षाला सुमारे 10 कोटी डॉलर देणारं. पुन्हा देशभर स्पर्धा. तोवर टेक्सासमध्ये गव्हर्नर बदलला होता, पक्षही बदलला होता. व्हाइट डेमोक्रॅट, बिल क्लेमेंट्स रिपब्लिकन. तरीही कारभार त्याच पद्धतीने पुढे चालला, कारण ती पद्धत गव्हर्नर कार्यालयाइतकीच विद्यापीठ, व्यापारी मंडळ आणि शहर यांच्या अंगवळणी पडली होती.

यावेळच्या प्रस्तावाची किंमत 6 कोटी डॉलरच्या वर गेली. त्यातली कळीची गोष्ट: शहराच्या आग्नेयेला माँटोपोलिस रस्त्यावरची डेटा जनरल कंपनीची इमारत टेक्सास विद्यापीठ व्यवस्थेने विकत घेतली आणि सेमाटेकसाठी बदलून दिली. जानेवारी 1988 मध्ये ऑस्टिनची निवड जाहीर झाली. चिप बनवायला लागणारी क्लीनरूम, म्हणजे धूळमुक्त कार्यशाळा, त्या इमारतीत एका वर्षाच्या आत उभी राहिली. इंटेलचे सहसंस्थापक रॉबर्ट नॉइस सेमाटेकचे पहिले प्रमुख म्हणून ऑस्टिनला राहायला आले.

सेमाटेकने एमसीसीच्या अनुभवातून एक धडा घेतला होता. तिथले बरेचसे तंत्रज्ञ सदस्य कंपन्यांनी ठरावीक मुदतीसाठी पाठवलेले असत. ते परत जाताना डोक्यातलं ज्ञान घेऊन जात. त्यामुळे शोध आणि उत्पादन यांच्यातली दरी कमी झाली.

निष्पत्ती, आणि एक धक्का

एमसीसीने 2000 मध्ये गाशा गुंडाळायचं ठरवलं. सेमाटेकने 1996 नंतर केंद्राचा निधी घेणं थांबवलं आणि परदेशी कंपन्यांना सामावून घेतलं. इथवर ठीक होतं. पण 2002 मध्ये न्यूयॉर्क राज्याने आल्बनीतल्या आपल्या विद्यापीठाच्या नॅनो केंद्रात सेमाटेकची दुसरी शाखा आणली, त्यासाठी 21 कोटी डॉलर मोजले. टेक्सास हादरलं. 2003 मध्ये स्थापन केलेल्या 29.5 कोटी डॉलरच्या ‘टेक्सास एंटरप्राइज फंड’मधून सेमाटेकला 4 कोटी दिले, तेही विद्यापीठासोबतच्या संशोधनासाठी. उपयोग झाला नाही. न्यूयॉर्कने आणखी 30 कोटी पुढे केले आणि 2007 मध्ये मुख्यालय आल्बनीला हलवण्याचं जाहीर झालं.

आपल्याकडे 2022 मध्ये वेदान्त-फॉक्सकॉन प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला तेव्हा जो गदारोळ झाला, तो ज्यांना आठवतो त्यांना ऑस्टिनच्या तेव्हाच्या मनःस्थितीची कल्पना येईल. तो प्रकल्प कारखान्याचा होता आणि वर्षभरातच ती भागीदारी मोडली, हा भाग वेगळा. ‘पळवला’ हा शब्द मात्र सगळीकडे सारखाच उच्चारला जातो.

ऑस्टिनमध्ये मात्र मागे बरंच काही उरलं. विद्यापीठाची अध्यासनं होती, त्यावर आलेले प्राध्यापक होते, त्यांच्या हाताखाली शिकून बाहेर पडलेले विद्यार्थी होते. एमसीसीतून फुटून निघालेल्या काही छोट्या कंपन्या होत्या. विद्यापीठाच्या व्यवसाय शाखेचे माजी अधिष्ठाता जॉर्ज कोझमेत्स्की यांच्या पुढाकाराने 1989 मध्ये निघालेलं, नव्या कंपन्यांना उभं राहायला मदत करणारं ऑस्टिन टेक्नॉलॉजी इन्क्युबेटर होतं. सॅमसंगने 1996 मध्ये इथे चिपचा कारखाना जाहीर केला, तोवर चिप बनवणं जाणणारी माणसं गावात तयार झाली होती. आणि दोन्ही इमारती विद्यापीठाच्या मालकीच्या होत्या.

यातली माँटोपोलिसची इमारत तर पुन्हा कामाला आली. 2021 मध्ये विद्यापीठाने टेक्सास इन्स्टिट्यूट फॉर इलेक्ट्रॉनिक्स ही संस्था काढली. तिच्यासाठी विधिमंडळाने 55.2 कोटी डॉलर दिले आणि जुलै 2024 मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधन विभागाने 84 कोटी डॉलर जाहीर केले. सेमाटेकसाठी विकत घेतलेली जागा तयार नसती, तर हा प्रस्ताव इतका भक्कम झाला नसता.

घटनेने रोख रक्कम द्यायला मनाई केली होती म्हणून 1983 मध्ये पैसा विद्यापीठातून फिरवावा लागला. राज्याला तेव्हा ती अडचण वाटली असेल. पण तिच्यामुळेच पाहुणा गेल्यावरही भांडीकुंडी घरातच राहिली. नंतर रोख देण्याची मुभा मिळाली आणि 2004 मध्ये ती वापरलीही, तर रकमेच्या लिलावात न्यूयॉर्क भारी पडलं.

वेगळं काय करता आलं असतं

स्थानिक छोट्या कंपन्यांसाठी कमी वर्गणीचं सदस्यत्व किंवा संशोधनाच्या परवान्यात वाटा, ही अट 1983 मध्येच घालता आली असती. स्पर्धेत चौघेच उरले होते, ऑस्टिनचा प्रस्ताव भरभक्कम होता. थोडं ताणून धरायला जागा होती.

मोजमापाचंही तसंच. एंटरप्राइज फंडासारख्या योजनांचे करार नोकऱ्या मोजतात: अमुक वर्षांत तमुक नोकऱ्या, नाहीतर पैसे परत. कारखान्यासाठी हे योग्य. संशोधन संस्थेकडून मात्र किती विद्यार्थी तिथे पीएचडीचं काम करतात, किती शोध गावातल्या कंपन्यांनी घेतले, संस्था गेली तर यंत्रसामग्री कुणाची, हे विचारायला हवं. शेवटचा प्रश्न तर पहिल्या बैठकीतच विचारावा.

वाढीची किंमत प्रस्तावात कुणी लिहिली नव्हती. ऑस्टिनची वस्ती 2020 पर्यंत 9.6 लाखांवर गेली. घरं महागली, शहराच्या पूर्व भागातली जुनी कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन कुटुंबं बाहेर ढकलली गेली. बार्टन स्प्रिंग्ज या झऱ्यांच्या पाणलोटात बांधकामं वाढली, तेव्हा 1992 मध्ये नागरिकांनीच मतदानाने त्यावर निर्बंध आणले. एमसीसीच्या अधिकाऱ्यांसाठी स्वस्त गृहकर्जाची तजवीज झाली होती. आधीपासून राहणाऱ्यांच्या घरांचा विचार त्या टेबलावर आला नाही.

हरलेल्यांपैकी जॉर्जियाने काय केलं, तेही पाहावं. एमसीसी हातची गेल्याचं शल्य तिथे बरीच वर्षं राहिलं. पुढच्या वेळी जास्त मोठी रक्कम देऊ, असं ठरवण्याऐवजी त्यांनी 1990 मध्ये उद्योग, सरकार आणि विद्यापीठं मिळून जॉर्जिया रिसर्च अलायन्स स्थापन केली. तिचं मुख्य काम: बाहेरचे नामवंत संशोधक अध्यासनं देऊन राज्यातल्या विद्यापीठांत आणणं. सुरुवात करायला कुठलीही स्पर्धा जिंकावी लागली नाही.